जेवण धरून, जेवण सोडून

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी भाडं द्यायला खाली गेले, तेव्हा घरमालक काकांनी त्यातल्या काही नोटा मला परत दिल्या. मला वाटलं माझंच मोजायला चुकलं.

"काका, एवढंच ठरलं होतं ना?"

"ठरलं व्हतं. पन तू सुट्टीत गावाकडं गेलतीस का न्हाई? तेवढे दिवस खोली रिकामी. त्याचा कडता."

कडता हा शब्द मला तेव्हा माहीत नव्हता. आमच्या घरात शेती होती, पण माल विकायला वडील जायचे आणि हिशोबाचं घरी काही बोलायचे नाहीत. काकांनीच मला सांगितलं. शेतकऱ्याचं पोतं आडतीवर आलं की मालात ओल किती, माती-काडी किती, हे बघून वजनातून काही वजा करतात. तो कडता. काका लातूरच्या आडत बाजारात जन्मभर मुनीम होते. वय झालं, आडत सुटली. कडता सुटला नाही.

पुढं माझी धाकटी बहीण येऊन राहिली, तर त्या महिन्यात त्यांनी पाण्याचे थोडे पैसे जास्त घेतले. मला थोडं वाईट वाटलं. त्यांना ते कळलं असावं, कारण ते म्हणाले, "घेताना कडता धरायचा आन् देताना इसरायचा, ही बेमानी झाली. मी दोन्हीकडून धरतो."

त्यांच्याविषयी लिहावं असं कधीपासून मनात होतं. पण ते कुणी मोठे माणूस नव्हते आणि मला लिहिता येतं असंही नाही. कंधार तालुक्यातल्या आमच्या गावातून, आमच्या घरातून, कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बी.कॉम.ची तीन वर्षं मी त्यांच्या वरच्या खोलीत राहिले. जेवढं पाहिलं तेवढंच सांगते.

संध्याकाळी काका ओट्यावर बसलेले असायचे. मी कॉलेजातून आले की विचारायचे, "आज किती तास झाले?"

"पाच."

"झाडून किती?"

म्हणजे सर उशिरा आले, हजेरी घेतली, मधेच विषय सोडून बोलले, हे सगळं वजा करून किती. मी विचार करून "तीन" म्हणायचे. तेव्हा ते समाधानानं मान हलवायचे. "बरा माल हाय तुमच्या कॉलेजचा. लई कचरा न्हाई."

तूर, हरभरा, सोयाबीन, काहीही हाती आलं की ते एक दाणा दाढेखाली धरून कट्टदिशी फोडायचे आणि ओल सांगायचे. त्यांची ती एक दाढ किडली होती. डॉक्टर म्हणाले काढा. काका काढू देत नव्हते. "हिच्यावर आडतीचा धंदा चालला," म्हणायचे. "दुसरी कोनचीबी काढा." शेवटपर्यंत ती दाढ होती, आणि दुखायचीही.

आणि कशाचाही भाव कानावर आला, की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "धरून का सोडून?" आडतीत बारदाना म्हणजे रिकामं पोतं धरून वजन की सोडून, हमाली धरून की सोडून, हे आधी स्पष्ट करतात; नाहीतर मागून वांधे होतात. काका तोच प्रश्न रिक्षावाल्याला विचारत, दवाखान्यात विचारत, लग्नाच्या मंगल कार्यालयात विचारत. माझ्या परीक्षेची फी त्यांना सांगितली, तेव्हाही त्यांनी मला विचारलं होतं. गुणपत्रिका धरून का सोडून. मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारलं तर ती सोडून होती.

आता काकूंबद्दल. काकू अंगणवाडीत मदतनीस होत्या. मुलांना घरून गोळा करून आणायचं, खिचडी शिजवायची, वाढायची, भांडी घासायची, हे काम. घरी येऊन पुन्हा तेच. त्या मोजकं बोलायच्या. काकांच्या बोलण्यावर "हाव" म्हणायच्या आणि आपलं काम करायच्या. त्यांना कशाची हौस असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

एकदा समोरच्या घरातल्या बाई सिंगापूर-मलेशियाला जाऊन आल्या. मुलानं पाठवलं होतं. त्या पेढे घेऊन आल्या आणि बसून सगळं सांगू लागल्या. उंच इमारती, विमान, मासे पोहतात आणि आपण खालून बघतो ते. मी तोंड उघडं ठेवून ऐकत होते. काकू शेंगा सोलत होत्या. मग त्या बाई सहज म्हणाल्या, "आन् सकाळी उठून खाली गेलं की टेबलावर सगळं मांडून ठेवलेलं. दुपारी तयार, रात्री तयार. आपन निसतं बसायचं."

काकूंचा हात थांबला. "मंग भांडी?"

"कुठली भांडी वं? ताट तितंच सोडून उठायचं."

"कुनीच कायी म्हनत न्हाई?"

"पैशे भरलेले असतेत की."

काकू पुन्हा शेंगा सोलू लागल्या. थोड्या वेळानं त्यांनी परत विचारलं, "पन भांडी कोन घासतं मंग?" त्या बाईंना हसू आलं. मला नाही आलं. का कोण जाणे.

त्याच आठवड्यात काकू काकांना म्हणाल्या, "आपन बी जाऊ एकदा."

काका नाही म्हणाले नाहीत. ते कधीच कशाला नाही म्हणायचे नाहीत. ते म्हणाले, "इस्टिमेट काढतो."

ते इस्टिमेट पुढं दीड वर्ष चाललं. टूर कंपनीचं माहितीपत्रक मी त्यांना वाचून दाखवायचे आणि ते डोळे मिटून ऐकायचे. पत्रकावर लिहिलं होतं सहा रात्री, सात दिवस. काका म्हणाले, "पैला दिवस विमानतळावर बसन्यात चालला. कडता. शेवटचा बॅगा भरन्यात. कडता. 'बसमधून दर्शन' म्हनजी काचंतून बघायचं, तो हलका माल. पोतं झाडलं की चार दिवस निघतेत. आन् भाव साताचा लावायलेत."

पैशांचं त्यांना पैशांत कळायचं नाही, तुरीत कळायचं. दोघांचा खर्च किती क्विंटल, हे ते त्या दिवशीच्या भावानं काढायचे. त्यामुळे तूर चढली की सिंगापूर स्वस्त व्हायचं आणि उतरली की महाग. काकूंना वाटायचं, हे काय चाललंय. सकाळी जायचं ठरायचं, संध्याकाळी भाव पडल्यावर राहायचं.

मी त्यांना मदत करायला गेले होते. आमच्या पुस्तकात अंदाजपत्रकाचा धडा होता. मी व्यवस्थित रकाने पाडून दिले: व्हिसा, विमा, विमानासाठी हैदराबादपर्यंतचं भाडं, टिप, टीसीएस. टीसीएस म्हणजे टूरच्या पैशांवरचा कर, तो आधी कापतात आणि रिटर्न भरल्यावर परत मिळतं, असं मी समजावलं.

"परतच द्यायचं हाय तर कापतेत कामून?"

तेव्हापासून टीसीएसच्या रकान्याला ते 'येडा रकाना' म्हणत.

मग कळलं की कंपनीचा माहितीचा कार्यक्रम नांदेडला आहे. स्टेशनजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये. त्याच दिवशी मला गावी जायचं होतं. पण काका म्हणाले, "इंग्रजी निघालं तर कोन वाचायचं? तू चल संगट. गावाकडं म्होरल्या आठवड्यात जा." म्हणून आम्ही तिघं एसटीनं गेलो. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती.

तिथं टाय लावलेला एक मुलगा पडद्यावर व्हिडिओ दाखवत होता. संपल्यावर त्यानं विचारलं, कुणाला काही शंका? काका उभे राहिले.

"नमुना दाखवा."

"काका, आत्ता दाखवला तोच. व्हिडिओ."

"तो वरचा थर झाला. पोत्याच्या तोंडाशी सगळेच चांगला माल ठेवतेत. आमी लोखंडी नळी खुपसून मधला काढतो. मधला दाखवा."

"मधला म्हणजे?"

"चौथ्या दिवशी दुपारी काय करतेत मानसं?"

मुलानं हातातला कागद बघितला. "चौथ्या दिवशी दुपारी... शॉपिंगसाठी मोकळा वेळ."

काका माझ्याकडं वळले. "बघ. निघाली काडी."

लोक हसले. तो मुलगाही हसला, चांगला होता बिचारा. पुढं काकांनी टेबलावर आपला रुमाल पसरला, त्याखाली हात घातला आणि म्हणाले, "धरा बोटं." जुन्या काळी आडतीत रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे, म्हणजे बाकीच्यांना कळू नये. मुलाला काही समजलं नाही. त्यानं रुमालाखालून काकांशी हात मिळवला आणि "थँक यू सर" म्हणाला. काकूंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की लाजत होत्या, मला दिसलं नाही.

शेवटी काकांनी तो प्रश्न विचारलाच. "हा भाव जेवन धरून. जेवन सोडून काय?"

"आमची एक स्वस्तातली टूर आहे, काका. तिच्यात फक्त सकाळचा नाश्ता. दुपारचं, रात्रीचं आपलं आपण बघायचं."

त्यानं आकडा सांगितला. काकांचा चेहरा उजळला. परतीच्या एसटीत ते लोह्यापासून बोलत होते. छोटा कुकर न्यायचा, विजेवरचा. दाळ-तांदूळ आपलेच न्यायचे, त्याला तिकडं बंदी नाही हे त्यांनी त्या मुलाला विचारून घेतलं होतं. "ही करंल खोलीतच. एक येळंला दाळ, एक येळंला खिचडी. आपली तूर सोडून तिकडचं कायबाय कामून खायचं? किती क्विंटल वाचायलेत बघ पोरी." काकू खिडकीतून बाहेर बघत होत्या. 'हाव' म्हणाल्या नाहीत.

अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली. काकू काही न बोलता खाली उतरल्या. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी गाड्यावरून एक प्लेट भजी घेतली आणि उभ्यानं, एकेक करून, सगळी खाल्ली. प्लेट तिथंच ठेवली आणि हात पुसत वर आल्या. तीन वर्षांत त्यांना असं एकटीनं काही खाताना मी पाहिलं नव्हतं.

काका म्हणाले, "आन् आमाला?"

"तुमचं सोडून व्हतं," काकू म्हणाल्या आणि पुन्हा बाहेर बघू लागल्या.

काकांना वाटलं ती चेष्टा. ते खुशीत हसले.

पुढच्या रविवारी त्यांनी तालीम ठेवली. माझ्या शेजारची वरची खोली रिकामी होती, ते हॉटेल. काकांनी नवा कुकर आणला होता. नियम सांगितले: धूर होता कामा नये, फोडणीचा वास बाहेर जाता कामा नये, कारण तिकडं छताला धुरानं वाजणारे भोंगे असतात, आणि स्वयंपाकघरातून काही आणायला खाली उतरायचं नाही, कारण खाली सिंगापूर. मी पंगतीला. काकूंनी पलंगावर कागद पसरून कांदा चिरला. टेबल नव्हतं म्हणून कुकर खुर्चीवर ठेवला. वायर पुरेना, तर खुर्ची दारापर्यंत ओढली. खिचडी झाली. त्यांनी काकांना वाढलं, मला वाढलं, मग कुकर घेऊन त्या न्हाणीत गेल्या आणि उकिडवं बसून घासू लागल्या.

काका खाता खाता म्हणाले, "बसलं का न्हाई गनित?"

न्हाणीतून पाण्याचा आवाज थांबला. काकू बाहेर आल्या. हाताला साबणाचा फेस होता.

"बसलं. पन मंग मी तिकडं काय बघायचं? ह्योच कुकर?"

"कामून? फिरायलाच चाललोय की आपन."

"तुमी फिरायला चाललेत. मी सैपाकाला चालले. मंग लातुरातच करते की. इथं गॅस तरी हाय."

काका म्हणाले, "अगं, खिचडीच तर हाय."

"जलमभर खिचडीच केली मी. पोरायला केली, तुमाला केली. मला इमारती बघायच्या न्हाईत का मासे बघायचे न्हाईत. कुनी तरी ताट वाढावं आन् मी उठून जावं, तेवढंच बघायचंय. तेवढंच तुमी सोडून दिलं."

खाली जावं तर खाली जायला बंदी. मी तशीच बसून राहिले.

काकू हात पुसत म्हणाल्या, "अंगनवाडीतून रिटायर झाले तवा मिळालेले माझे पैशे पोस्टात हायेत. मी एकटी जाते. जेवन धरून."

त्या दिवशी काका ओट्यावर बसले नाहीत. दोन दिवस ते माझ्याशीही बोलले नाहीत. मला भीती वाटली की आता हे कायमचंच राहणार. काकूंच्या पोस्टातल्या पैशांत टूर बसत नव्हती, हे मला माहीत होतं. रकाने मीच पाडले होते. काकूंनाही माहीत असावं. त्या नेहमीसारख्या कामं करत होत्या, फक्त ताट वाढून झालं की समोर न थांबता आत जायच्या.

तिसऱ्या दिवशी काका पहाटेच्या गाडीनं एकटे नांदेडला गेले. आले ते पावती घेऊन. कमी पडत होतं ते त्यांनी भरलं होतं. खोली नांदेडच्याच एका बाईंबरोबर ठरवून आले होते, म्हणजे एकटीचा जादा आकार पडणार नव्हता. मला पावती वाचायला दिली. "तीन येळचं जेवन धरून हाय का बघ नीट." होतं. मी तसं सांगितलं. काका एवढंच म्हणाले, "दोन मानसाचं इस्टिमेट व्हतं. एक मानूस कडता गेला."

हैदराबादच्या गाडीवर आम्ही काकूंना सोडायला गेलो. काकूंनी बॅग उघडून पुन्हा बघितली, तर कपड्यांच्या तळाशी तुरीच्या दाळीची पिशवी. काकांनी कधी तरी गुपचूप ठेवली होती. म्हणाले, "आसू दे. तिकडचं न्हाई रुचलं तर." काकूंनी पिशवी काढून त्यांच्या हातात दिली.

"ही तुमालाच लागंल."

गाडी हलली. काका ती पिशवी धरून उभे होते. तोपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही. दीड वर्षाच्या इस्टिमेटात मागं राहणाऱ्याच्या जेवणाचा रकानाच नव्हता.

पहिल्या दिवशी ते खानावळीत जेवून आले. "दाळ न्हाई ती, पिवळं पानी हाय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी अभ्यास करत होते, तर जिना चढून वर आले. हातात तीच पिशवी. एक दाणा दाढेखाली घातला, फोडला. "औंदाची हाय. काळ्या जमिनीची. वाळलेली चांगली." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोरी, हिला पानी किती घालतेत?"

मी सांगितलं, आमची आई बोटाच्या पेरानं मोजते. ते खाली गेले. थोड्या वेळानं करपल्याचा वास आला. मी जिन्यापर्यंत गेले आणि परत फिरले. मी जाऊन करून दिलं असतं तर त्यांनी खाल्लं असतं, पण मला ते बरं वाटेना. पुढं रोज वास येत राहिला. हळूहळू कमी झाला.

काकूंचा व्हिडिओ कॉल रोज यायचा. मीच तो उचलून काकांपुढं धरायचे. मागं समुद्र असायचा, नाहीतर उंच काहीतरी, पण काकू मोबाईल ताटावर धरायच्या. "हे बघा. हे पन घ्या म्हनतेत. आन् हे काय हाय म्हाईत न्हाई, पन ग्वाड हाय."

"मागं काय हाय ते?" काका विचारायचे.

"आसंल काही तरी. आधी हे बघा."

काकू आल्या त्या दिवशी मी स्टँडवरून बॅग घेऊन घरात आले. त्या थोड्या जाड दिसत होत्या, की मला तसं वाटलं. हातपाय धुऊन त्या सवयीनं स्वयंपाकघराकडं निघाल्या. काका दारात आडवे आले. "बस."

काकू बसल्या. काकांनी ताट आणून पुढं ठेवलं. खिचडी, पापड, लोणचं. पापड एका बाजूनं काळा होता. काकूंनी एक घास घेतला. चावला. वर बघितलं नाही.

"खाली लागलीय."

"हाव. थोडी लागली."

"मीठ कमी हाय."

"कडता धर की मंग," काका म्हणाले.

काकूंनी कडता धरला नाही. सगळं खाल्लं, पापडाचा काळा भागसुद्धा. मला वाटलं आता त्या उठतील, कारण जेवण झालं की त्या उठतातच. त्या उठल्या नाहीत. बोटांनी ताट थोडं पुढं सरकवलं आणि भिंतीला टेकल्या.

"आन् भांडी?"

काका ताट उचलायला वाकले होते. त्यांची पाठ आमच्याकडं होती.

"धरून," ते म्हणाले.